न लिहिलेली बक्षिसं

युजीन हे अमेरिकेच्या ओरेगन राज्यातलं विद्यापीठाचं गाव. तिथल्या ‘ओरेगन सोशल लर्निंग सेंटर’ या संस्थेत मॅरियन फोरगॅच आणि डेव्हिड डीगार्मो या संशोधकांनी २३८ आयांबरोबर एक प्रयोग केला. त्याचे पहिले निष्कर्ष १९९९ साली छापून आले. सगळ्या जणी नुकत्याच नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, आणि प्रत्येकीच्या पदरात पहिली ते तिसरीत शिकणारा मुलगा. कोण कुठल्या गटात जाणार हे दैवावर सोडून त्यांचे दोन गट पाडले. एका गटातल्या आयांसाठी आठवड्याला एक अशा १४ बैठका ठेवल्या, दुसऱ्या गटासाठी काहीच ठेवलं नाही. मुलांना दोन्हीकडे कुणी हातही लावला नाही. ना समुपदेशन, ना खेळातून उपचार, ना संस्कारवर्ग. बैठकांना यायचं ते फक्त आयांनी.

तिथे जे शिकवलं जाई, ते ऐकायला अगदी बाळबोध वाटतं. मुलाला काम सांगायचं असेल तर स्वयंपाकघरातून ओरडू नका. जवळ जा, थोडक्यात सांगा, ‘काय करू नको’ऐवजी ‘काय कर’ हे सांगा. त्याने केलं, तर लगेच दखल घ्या. ती दखल दिसावी म्हणून एक तक्ता करा, त्यावर खुणा द्या, खुणा साठल्या की छोटं बक्षीस द्या. शिक्षेचा धडा होता, पण तो यानंतर. क्रम मुद्दाम असा लावलेला होता.

पुढची अडीच वर्षं या कुटुंबांवर नजर ठेवली, तेव्हा बैठकांना आलेल्या आयांची मुलं आईचं अधिक ऐकत होती. त्यापेक्षा विलक्षण गोष्ट नऊ वर्षांनी दिसली. मुलं तोवर ऐन किशोरवयात पोचली होती, आणि या गटातल्या मुलांना पोलिसांनी अटक करण्याचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा कमी होतं. फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाने पोरं तुरुंगापासून वाचतात, असं म्हणण्याइतकं भाबडं कुणीच नाही, संशोधकही नव्हते. त्यांनी आकड्यांचा माग काढला तेव्हा वाट आईतून जात होती. बैठकांनी आधी आईचं वागणं बदललं, आणि मुलात जो फरक पडला तो त्या बदलातून पडला. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच. असा तक्ता, म्हणजे स्टार चार्ट, मुलाच्या नावाचा असतो, पण वळण लागतं ते तो लावणाऱ्या मोठ्या माणसाला.

आपल्याकडे मुलांना बक्षीस देण्याचा विषय काढला की पहिला आक्षेप ठरलेला असतो: म्हणजे मुलांना लाच द्यायची का? आक्षेप खोटा नाही, आणि त्याच्यामागे मोठी माणसं उभी आहेत. त्यांच्याकडे येऊच. पण त्याआधी घरात काय चालतं ते बघू.

०००

फोरगॅच यांचे सहकारी जेराल्ड पॅटर्सन हे या संस्थेतलं जुनं नाव. मूल हट्टी, मारकुटं, उलट उत्तर देणारं का होतं, हे प्रयोगशाळेत कळणार नाही म्हणून त्यांनी निरीक्षक थेट घरांत पाठवले. अटी साध्या होत्या: सगळ्यांनी घरी थांबायचं, दोनच खोल्यांत वावरायचं, टीव्ही बंद ठेवायचा. निरीक्षक बाजूला बसून दर सहा सेकंदांना नोंद करायचा. कोण काय म्हणालं, समोरच्याने काय केलं, पुढे काय झालं. अशा हजारो नोंदींतून जे चित्र उभं राहिलं, ते पॅटर्सन यांनी १९८२च्या पुस्तकात मांडलं.

चित्र असं: आई काहीतरी सांगते. मूल कुरकुरतं. आई आवाज चढवते. मूल त्याहून वर चढवतं. एका क्षणी आई माघार घेते, ‘जा, कर काय करायचं ते’ म्हणते, आणि मूल गप्प होतं. त्या एका क्षणात दोघांनाही बक्षीस मिळालेलं असतं. मुलाला किंचाळण्याचं, कारण काम टळलं. आईला माघार घेण्याचं, कारण आवाज थांबला. उद्या दोघंही हेच करणार, आणि थोडं लवकर करणार.

याचाच दुसरा भाग म्हणजे कटकट. सांगत राहायचं, टोचत राहायचं, धमक्या द्यायच्या, आणि शेवटी काहीच करायचं नाही. मूल त्यातून एवढंच शिकतं की पहिल्या चार वेळा सांगितलेलं ऐकायचं नसतं. हट्ट पाच वेळा नाकारून सहाव्या वेळी पुरवला, तर तो दर वेळी पुरवल्यापेक्षाही चिवट होतो. कधीतरीच मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय मोडायला जास्त अवघड असते, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगशाळेत कबुतरांनी फार पूर्वीच दाखवलं होतं.

तेव्हा बक्षीस द्यावं की देऊ नये, हा प्रश्न मला जरा पुस्तकी वाटतो. बक्षिसं प्रत्येक घरात रोज वाटली जातात. फक्त ती लिहिलेली नसतात, आणि बऱ्याचदा चुकीच्या खिडकीवर मिळतात.

एक घर उदाहरणासाठी उभं करतो. ते कुणा एकाचं नाही. अशा घरांत नेहमी जे घडतं, त्यातून जोडलेलं आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचा भाड्याचा फ्लॅट. बाबा चार महिन्यांपासून वाकडला वेगळे राहतात. थोरला दुसरीत, धाकटी ज्युनिअर केजीत. आई नोकरीवरून सातला घरी पोचते, आणि मुलांना सांभाळायला आईची आई सांगलीहून आलेली आहे. थोरल्याने शाळेतून आल्यावर बूट हॉलच्या मधोमध भिरकावलेत. आई दारातूनच म्हणते, ‘बूट उचल.’ मग पर्स ठेवताना म्हणते, कुकर लावताना म्हणते. चौथ्या वेळी आवाज चढतो, पाचव्या वेळी थोरला धाकटीला ढकलतो, धाकटी भोकाड पसरते, आणि आजी मध्ये पडते: ‘अगं, राहू दे. आधीच लेकराच्या जिवाला काय कमी आहे का?’ बूट आजी उचलते. जेवताना शांतता हवी म्हणून मोबाइल थोरल्याच्या हातात जातो.

हिशेब मांडून बघा. बूट न उचलणं आणि ढकलणं या दोन कामांबद्दल त्याला आईचं पूर्ण लक्ष, आजीची कड आणि तासभर मोबाइल मिळाला. याच आठवड्यात एका संध्याकाळी त्याने धाकटीला आपणहून गोष्ट वाचून दाखवली होती. त्या वेळी घरातलं कुणीच काही बोललं नाही. मुलं शांत आहेत तोवर दोन कामं उरकून घेऊ, एवढाच विचार मोठ्यांच्या डोक्यात होता, आणि तो अगदी स्वाभाविक होता.

०००

घर मोडण्याच्या काळात हे सगळं दुप्पट का होतं? व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मेव्हिस हेदरिंग्टन यांनी १९७०च्या दशकात घटस्फोटित आणि न-घटस्फोटित कुटुंबांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. घटस्फोटानंतरच्या पहिल्या वर्षात घराची घडीच विस्कटते, हे त्यांनी बारकाईने नोंदवलं. जेवणं अवेळी, झोप अवेळी, आज मुभा आणि उद्या त्याच गोष्टीला मार. आया हुकूम जास्त सोडत होत्या आणि ते पाळले जातात की नाही हे कमी बघत होत्या. लहान मुलगे आणि आया यांच्यात ही ओढाताण विशेष होती. मुलांना न्यायला येणारे वडील बहुतेकदा सुट्टीतल्या पाहुण्यासारखे लाड करून परत सोडत. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत बरीच घरं सावरत होती, हेही त्यांनी नोंदवलं. घटस्फोटाविषयी बोलताना हा भाग सहसा कुणी सांगत नाही.

म्हणजे सांभाळायचा असतो तो मधला काळ. हीच गोष्ट आजारपणाची, घरातल्या मृत्यूची, बदलीमुळे गाव सोडण्याची, वडिलांची नोकरी जाण्याची. अशा काळात मुलाला सर्वांत जास्त गरज असते ती उद्याचा अंदाज येण्याची. आणि नेमक्या त्याच काळात मोठी माणसं सर्वांत बेभरवशाची झालेली असतात, कारण त्यांच्याही पायाखालची जमीन सरकलेली असते. आईला वकिलाचा फोन आला की ती जेवणावरून उठते. बाबा शनिवारी येतो म्हणून रविवारी येतात. मूल वाईट वागायला लागतं ते या हवेत.

तक्त्याचा खरा उपयोग इथे आहे. मुलाच्या दिवसातल्या दोन-तीन गोष्टी तरी ठरलेल्या होतात, आणि त्या ठरवल्याप्रमाणे घडतील याची जबाबदारी मोठ्यांवर येते.

सिंहगड रस्त्यावरच्या घरात तक्ता लावायचा म्हटलं तर त्यावर काय असेल? ‘नीट वागणे’ अशी ओळ असून चालणार नाही. नीट म्हणजे काय, हे सात वर्षांच्या मुलाला कळत नाही आणि मोठ्यांचंही त्यावर एकमत नसतं. ‘बहिणीशी भांडू नये’ हीही नको, कारण न करण्याची खूण कधी द्यायची? येल विद्यापीठातले ॲलन कॅझ्डिन यांनी अशा मुलांच्या पालकांबरोबर अनेक वर्षं काम केलं. त्यांचा आग्रह असतो की जे थांबायला हवं, त्याच्या जागी काय घडायला हवं ते लिहा. ‘ढकलू नको’च्या जागी ‘खेळणं हवं असेल तर मागायचं’. तेव्हा तीन ओळी: शाळेतून आल्यावर बूट स्टँडमध्ये. जेवताना ताट संपेपर्यंत पाटावर. साडेनऊला दिवा बंद. तिन्हींपैकी एक ओळ त्याला आजच जमणारी असली पाहिजे, नाहीतर पहिल्याच आठवड्यात एकही खूण न मिळून तक्ताच त्याच्या नालायकीचा पुरावा होऊन बसतो.

बक्षीस काय? पैसे नकोत, महागडी वस्तू तर नकोच. रविवारी नाश्त्याला पोहे की डोसा, हे तो ठरवणार. शनिवारी अर्धा तास जास्त जागायचं. गच्चीत आईबरोबर वीस चेंडूंची मॅच. सांगलीच्या आजोबांना व्हिडिओ कॉल, आणि त्या कॉलवर धाकटीने मध्ये यायचं नाही. यातल्या बऱ्याच गोष्टींत कुणाचा तरी सहवास आहे, कारण या घरात टंचाई खेळण्यांची नाही, माणसांची आहे.

खूण लगेच द्यायची, आणि देताना कशाबद्दल ते सांगायचं: ‘दारातून आत आलास आणि न सांगता बूट ठेवलेस.’ पाठीवर हात ठेवायचा. कॅझ्डिन यांचं म्हणणं असं की बदल घडवतं ते हे बोलणं आणि हा हात. स्टार हे मोठ्यांना ते करायची आठवण राहावी म्हणून. मिळालेली खूण परत काढून घ्यायची नाही. संध्याकाळी सहाला कमावलेला स्टार रात्री नऊच्या भांडणात खोडला, तर मुलाच्या हाती एवढाच धडा येतो की इथे काहीच टिकत नाही. आणि ते तर त्याला आधीच माहीत झालंय.

तक्ता मोडतो कुणाकडून, याचं उत्तर घराघरांत जवळपास एकच आहे. मूल विचारतं, ‘आई, आजचा स्टार?’ आई म्हणते, ‘उद्या लावू, आत्ता पेन सापडत नाहीये.’

०००

काही गोष्टी तक्त्यावर कधीच येता कामा नयेत, आणि याबाबतीत मी कुठलीही तडजोड मानत नाही.

न रडणं ही पहिली. बाबा गेल्यावर, आजी वारल्यावर, गाव सुटल्यावर मूल रडत असेल, तर ‘आज रडला नाहीस म्हणून स्टार’ याचा अर्थ त्याच्या लेखी एकच होतो: मोठ्यांना माझं दुःख नको आहे. कित्येक शहाणी, गुणी, शाळेतल्या बाईंची लाडकी मुलं अशाने तयार होतात. ती वर्षानुवर्षं चांगली वागत राहतात आणि मग एक दिवस कोसळतात.

दुसरी गोष्ट अंथरुणात शू होणं. उलथापालथीच्या काळात वर्षभर कोरडं झोपणारं मूलही पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं. ते झोपेत घडतं. त्यावर त्याचा ताबा नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य मार्गदर्शन संस्थेने २०१० साली डॉक्टरांसाठी जी सूचनावली काढली, तिच्यात हे स्पष्ट म्हटलं आहे: बक्षीस कोरड्या रात्रीला देऊ नका. झोपण्याआधी बाथरूमला जाणं, दिवसा पुरेसं पाणी पिणं, सकाळी चादर काढायला मदत करणं, अशा मुलाच्या हातात असलेल्या गोष्टींना द्या. हे तत्त्व अंथरुणापुरतं नाही. परीक्षेतल्या गुणांपासून भूक लागण्यापर्यंत सगळीकडे ते लावून बघता येतं.

तिसरी, दुसऱ्या पालकाकडे जाणं. ‘बाबांकडे न कुरकुरता गेलास तर’ किंवा, याहून वाईट, ‘बाबांनी तिकडे काय विचारलं ते सांगितलंस तर.’ हे तक्त्यावर कुणी लिहीत नाही, पण तोंडी पुष्कळ चालतं.

आणि जवळ घेणं, गोष्ट सांगणं, डोक्यावरून हात फिरवणं हे कधीच कमवायला लावायचं नाही. आजी जो लाडू न मागता हातावर ठेवते, त्याला हिशेब नसतो, आणि नसावाच. मात्र ओरडणं थांबावं म्हणून ठेवलेला लाडू वेगळा. दोन्ही लाडू एकाच डब्यातले, म्हणून आजींना हा फरक समजावून सांगणं हे या सगळ्यातलं सर्वांत नाजूक काम. ते सुनेने किंवा लेकीने करू नये, शक्य असेल तर आजोबांवर सोपवावं.

०००

आता तो लाचेचा आक्षेप.

मारिया माँटेसरी यांनी आपल्या पद्धतीतून बक्षिसं आणि शिक्षा दोन्ही हद्दपार केल्या. त्यांनी सांगितलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. वर्गात एका हुशार मुलाच्या गळ्यात शाबासकीचा चकचकीत क्रॉस घातलेला होता, आणि एकाला शिक्षा म्हणून खुर्चीत बसवून ठेवलं होतं. पहिला मुलगा आपल्या कामात इतका गुंग की क्रॉस खाली पडला, तरी त्याला पर्वा नाही. शिक्षा झालेल्या मुलाने तो उचलला, निरखून पाहिला आणि विचारलं, तर पहिला म्हणाला की मला नको, तूच घाल. ज्याला कामात गोडी आहे, त्याला पदकाची गरज नाही. पदक लागतं ते रिकाम्या बसलेल्याला.

हा विचार भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरातून गिजुभाई बधेकांनी भारतात रुजवला, आणि त्यांच्यासोबत काम करून ताराबाई मोडक तो महाराष्ट्रात घेऊन आल्या. बोर्डी आणि मग कोसबाड इथे त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी मुलांसाठी जी बालवाडी उभी केली, तिच्यात भीती आणि आमिष दोन्हींनाही जागा नव्हती. मराठी शिक्षित घरांत आज बक्षिसाबद्दल जो संकोच आहे, त्याच्या मुळाशी हा वारसा आहे, आणि तो अभिमानाने सांगावा असाच आहे.

विज्ञानानेही त्याला पुष्कळ दुजोरा दिला. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता, चित्र काढून झाल्यावर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी रंगीत पेनं पुन्हा वर्गात ठेवली, तेव्हा प्रमाणपत्राच्या आशेने चित्र काढलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. १९९९ साली एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी असे १२८ प्रयोग एकत्र तपासले आणि तोच निष्कर्ष काढला: आधी कबूल केलेली वस्तुरूप बक्षिसं आवड कमी करतात, आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपेक्षा लहान मुलांची जास्त कमी करतात.

मग युजीनच्या तक्त्याचं काय? मला वाटतं, यात विरोध दिसतो तेवढा नाही. स्टॅनफर्डची मुलं निवडली होती तीच मुळी चित्रांची आवड असलेली म्हणून. आवड होती, म्हणून ती घटू शकली. बूट स्टँडमध्ये ठेवण्याची आवड जगातल्या कुठल्याही सात वर्षांच्या मुलाला नसते, तेव्हा घटायला काही नाही. शिवाय ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळालं, त्यांची चित्रं कमी झाली नाहीत, ही त्या प्रयोगातली गोष्ट लोक सांगताना विसरतात. म्हणून नियम सोपा करून सांगायचा तर: चित्रं, वाचन, गाणं, धाकटीला गोष्ट सांगणं यांवर स्टार ठेवू नका. तिथे फक्त बघा आणि बोला. स्टार ठेवा तो कंटाळवाण्या, आवश्यक, रोजच्या कामांवर. माँटेसरींची बालघरं शांत, आखीव, मुलांच्या मापाची होती. तिथे मोठी माणसं ठरल्याप्रमाणे वागत. बक्षीस नको म्हणणं अशा घराला परवडतं. ज्या घरात तशी घडी उरलेली नाही, तिथे आधी ती बसवावी लागते.

एक इशारा मात्र मी गंभीरपणे घेतो. इस्रायलमधल्या हैफा शहरात उरी नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरांचा अभ्यास केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांत दंड सुरू केला, तर उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. पूर्वी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. आता पालक उशिराची किंमत मोजत होते. दंड बंद केला तरी उशीर पूर्वपदावर आला नाही. प्रयोग दंडाचा होता, पण किंमत चिकटवण्याबद्दल तो पुष्कळ सांगतो. आईचं डोकं दुखत असताना पाणी आणून देण्याला दहा रुपये लावले, तर उद्या मूल वीस मागेल. त्यात मुलाचा दोष काही नाही, दर आपणच सांगितला.

०००

घर कोर्टात गेलं की बक्षिसाला वेगळीच धार येते.

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा; महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई इथे अशी न्यायालयं १९८९ साली सुरू झाली. ताब्याचा निर्णय करताना मुलाचं हित सर्वांत वर, हे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे. पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे, हेही त्याच कायद्यात. आणि १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात आणखी एक तरतूद आहे: मूल स्वतःचं मत बनवण्याइतकं जाणतं असेल, तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकतं. न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावून त्याच्याशी बोलतात ते यामुळे.

याचा घरातला परिणाम काय होतो, ते बघा. मुलाची पसंती मोजली जाणार, हे दोन्ही पक्षांना माहीत असतं. त्यामुळे भेटीच्या दिवशी आणलेली रिमोटची गाडी ही नुसती गाडी राहत नाही. आईला ती आमिष वाटते, वडिलांना ती आठवड्याभराची भरपाई वाटते, आणि खरं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. भेटीची वेळ दोन तासांची. तेवढ्यात बूट जागेवर ठेवायला शिकवणारा बाप कोण होईल? शिस्त एका घरात आणि सण दुसऱ्या घरात, अशी वाटणी आपोआप होते. दिवाळीच्या सुट्टीची वाटणी तर बहुतेक आदेशांत निम्मी-निम्मी केलेलीच असते: लक्ष्मीपूजन इकडे, भाऊबीज तिकडे, पुढल्या वर्षी उलट.

अशा वेळी आईच्या फ्रिजवरचा तक्ता वडिलांच्या गाडीपुढे फिका पडणार. त्यावर उपाय बोली वाढवण्याचा नाही. मुलाच्या सोईची एकच ओळ दोन्ही घरांत सारखी ठेवता आली, तरी पुष्कळ झालं: दिवा बंद करायची वेळ, किंवा जेवताना मोबाइल नाही. विधी आयोगाने मे २०१५ मध्ये आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, आणि पालकांनी मिळून संगोपनाचा आराखडा करावा असंही सुचवलं. आराखड्यात लोक शाळेची फी, सुट्ट्या, पासपोर्ट लिहितात. झोपेची वेळही लिहावी. नवरा-बायको म्हणून ज्यांचं एकाही गोष्टीवर जमलं नाही, त्यांचं आई-बाप म्हणून साडेनऊ वाजण्यावर जमू शकतं. तेही नाही जमलं, तर आपल्या घरातली वेळ आपण पाळायची आणि तिकडच्या घराबद्दल मुलासमोर बोलायचं नाही. मुलं दोन घरांचे दोन नियम शिकतात. त्यांना एकाच घरातले रोज बदलणारे नियम शिकता येत नाहीत.

हे सगळं वाचताना एक गोष्ट खटकायला हवी. युजीनचा तक्ता असं धरून चालतो की संध्याकाळी घरात एक मोठं माणूस आहे, त्याच्या हाताला थोडी उसंत आहे. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून ऊसतोडीला कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात, तेव्हा कित्येक घरांत ते माणूस उरत नाही. आई-बाप दोघंही फडावर, मुलं त्यांच्याबरोबर पाचटाच्या कोपीत, नाहीतर गावात आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात, थेट उन्हाळा लागेपर्यंत. ही उलथापालथ एकदाची नसते, दर वर्षी ठरलेली असते. तिथे स्टार चार्ट शिकवायला जाणं हा उद्धटपणा होईल. पण ठरल्या वारी, ठरल्या वेळी आईचा फोन येणं, हे त्याच तत्त्वावर चालतं आणि त्याला कागद लागत नाही. चार्जिंग आणि रेंज मात्र लागते, आणि मुकादमाने तेवढी सवड द्यावी लागते.

०००

तक्ता किती दिवस ठेवायचा? कॅझ्डिन यांच्या पद्धतीत तो काही आठवड्यांचा पाहुणा आहे. काम अंगवळणी पडलं की खूण दर वेळी न देता कधीमधी द्यायची, मग ओळच काढून टाकायची, बोलणं मात्र चालू ठेवायचं. बहुतेक मुलं आपणच विसरतात. विसरली की आपण आठवण करून देऊ नये. नवीन घर, नवीन शाळा, कोर्टाच्या निकालाची तारीख अशी पुढची उलथापालथ आली, तर तो पुन्हा काढता येतो. बारा-तेरा वर्षांच्या पुढे मात्र स्टार दाखवू नयेत; त्या वयात समोरासमोर बसून दोन्ही बाजूंनी करार करावा, आणि करारात आपलीही कलमं असावीत. आणि मूल स्वतःला इजा करत असेल, खाणं-बोलणं बंद करत असेल, शाळेत पायच ठेवत नसेल, तर तो तक्त्याचा विषय नाही. बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, आणि आठवडे न दवडता जावं.

सिंहगड रस्त्यावरच्या आपल्या उदाहरणातल्या घरात बुटांची ओळ तीन आठवड्यांत सुटली. पाटावर बसण्याची अर्धीमुर्धी जमली. आजीने मध्ये न पडायचं कबूल केलं आणि बरंचसं पाळलं. साडेनऊच्या ओळीत मात्र चौकटीमागून चौकट रिकामी. आईने कारण विचारलं तर थोरला म्हणाला, ‘तुझा फोन चालू असतो ना. मी बघत असतो कधी संपतो.’ ऑफिसचा कॉल नऊला सुरू होतो आणि पावणेदहाला संपतो, आणि नोकरीत तो टाळता येण्यासारखा नाही. तिने तक्त्यावर साडेनऊ खोडून दहा लिहिलं.

‘दहा म्हणजे फार उशीर होतो गं,’ आजी म्हणाली. ‘सकाळी उठायचा नाही तो.’

‘साडेनऊ मला पाळता येत नाही, आई.’